आधी वही, मग बॅनर: मोटारसायकल क्लबनं कंपनीशी संबंध कसे जोडावेत

क्लबला दोन-तीन वर्षं झाली, रविवारच्या ब्रेकफास्ट राइडला पंधरा-वीस गाड्या नेमानं यायला लागल्या, की कुणीतरी विषय काढतंच: "आपण एवढ्या गाड्या चालवतो, कंपनीकडून काहीतरी मिळायला पाहिजे." मग एक ई-मेल जातो. त्यात सदस्यसंख्या असते, इन्स्टाग्रामचे फॉलोअर असतात आणि शेवटी टी-शर्ट, बॅनर, वर्धापनदिनाला 'शक्य तेवढं सहकार्य' अशी मागणी असते. उत्तर येत नाही. आलंच तर ठरीव साच्यातले आभार येतात.

कंपनीच्या खुर्चीत बसून पाहा. टी-शर्ट मागणारी पत्रं तिला सगळ्या राज्यांतून येतात. पण "तुमच्या अमुक मॉडेलचा कोन सेट (हँडलचं बेअरिंग) घाटात रोज चालणाऱ्या गाड्यांत साधारण किती किलोमीटरला सैल होतो, याची आमच्याकडे नोंद आहे" असं लिहिणारं जवळजवळ कुणी नसतं. क्लबचं खरं भांडवल ही नोंद आहे. ती कशी तयार करायची, कुणाकडे न्यायची आणि तिच्या जोरावर पुढचं बोलणं कसं करायचं, हे इथे क्रमानं सांगतो. लेख एकाच ब्रँडच्या तीस ते दीडशे गाड्या असलेल्या, महाराष्ट्रातल्या क्लबला समोर ठेवून लिहिला आहे.

कोणत्या प्रकारचं नातं हवंय?

हा प्रश्न सभेत एकदा स्पष्ट विचारून घ्या, कारण नात्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे.

हार्ले-डेव्हिडसननं १९८३ मध्ये हार्ले ओनर्स ग्रुप, म्हणजे 'हॉग', स्वतःच काढला. कंपनीचे दिवस तेव्हा वाईट होते. एएमएफ या अमेरिकन कंपनीच्या मालकीतून ती दोनच वर्षांपूर्वी, १९८१ मध्ये, तिच्याच अधिकाऱ्यांनी विकत घेऊन सोडवली होती आणि जपानी गाड्यांनी बाजार खाल्ला होता. गिऱ्हाईक टिकवायचं तर त्याला गाडी चालवायला निमित्त द्यायला हवं, हा त्यामागचा हिशोब. ग्रुपचा स्थानिक चॅप्टर, म्हणजे शाखा, डीलरच्या छत्राखाली चालतो. जागा, पैसा, व्यवस्था सगळं मिळतं. पण छत्र हललं की खाली उभे असलेले भिजतात: सप्टेंबर २०२० मध्ये हार्लेनं भारतातलं स्वतःचं उत्पादन आणि विक्री आवरत असल्याचं जाहीर केलं, आणि ऑक्टोबरमध्ये हीरो मोटोकॉर्पशी करार होईपर्यंत इथले मालक टांगणीला लागले होते.

दुसरं टोक जावा-येझदीवाल्यांचं. म्हैसूरची आयडियल जावा १९९६ मध्ये बंद झाली. संबंध जोडायला कंपनीच उरली नाही, तरी मालकांनी गाड्या चालत्या ठेवल्या, आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवस साजरा करायची प्रथा पाडली. २०१८ मध्ये क्लासिक लेजेंड्सनं जावा हे नाव बाजारात परत आणलं, तेव्हा त्या नावावर जीव टाकणारी माणसं शहराशहरांत तयार होती. ती कुणी जाहिरातीनं जमवली नव्हती. माझ्या मते क्लबनं गाठावी अशी जागा हीच: कंपनी आली तर आनंद, नाही आली तरी रविवारची राइड होणारच.

रॉयल एनफिल्डचा प्रकार या दोन्हींच्या मधला. गोव्यातली कंपनीची रायडर मेनिया, म्हणजे रायडरांचा वार्षिक मेळावा, २०२३ पासून मोटोव्हर्स नावानं भरते. तिकडे तिकीट, स्टेज, गाण्याचे कार्यक्रम असा मोठा थाट असतो. आणि बुलेट क्लबांची स्वतःची रायडर मेनियाही वेगळी भरते, वेगवेगळ्या शहरांतले क्लब तिचं यजमानपद घेतात. बरेचजण दोन्हीकडे जातात. म्हणजे कंपनीच्या मांडवात नाचायचं आणि आपला मांडव वेगळा ठेवायचा, हे जमतं.

घर आवरून घ्या

कंपनीतला माणूस क्लबविषयी पहिल्यांदा ऐकतो, तेव्हा तो तुमचं पत्र वाचण्याआधी तुमचे व्हिडिओ बघतो. त्यात बोगद्यात रेस मारणारे, चप्पल घालून घाट चढणारे, नंबर प्लेट दुमडलेले सदस्य दिसले की फाइल तिथेच बंद. कुणीही अधिकारी आपल्या सहीनं अशा क्लबला उभं करणार नाही.

सायलेन्सरचा विषय सगळ्यात नाजूक, म्हणून आधी तोच मिटवा. कंपनीनं दिलेल्या गाडीत मूळ रचनेपासून परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मनाई आहे, आणि आवाजाचा दंड वेगळा. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. क्लबमधल्या चार गाड्या 'इंदोरी' (फटाक्यासारखा आवाज करणारा सायलेन्सर) लावून फुटत असतील, तर कंपनीसमोर इंजिनच्या तक्रारी मांडताना तुमची बाजू आधीच लंगडी असते. समोरचा हसून म्हणेल, "सायलेन्सर बदललाय, मॅपिंग (इंजिनला इंधन किती द्यायचं त्याचं गणित) बिघडलं असेल." आणि तो खोटं बोलतोय असं म्हणता येणार नाही. क्लबच्या राइडला मूळ सायलेन्सर, आयएसआय हेल्मेट, पीयूसी आणि चालू विमा हे चार नियम लेखी करा. काही सदस्य सोडून जातील. जाऊ द्या.

मग नोंदणी. कंपनीकडून पैसे घ्यायचे असतील तर क्लबच्या नावानं पॅन आणि बँक खातं लागतं. कुणा एकाच्या बचत खात्यात प्रायोजकत्वाचे पैसे आले की आज ना उद्या भांडण ठरलेलं. महाराष्ट्रात सोपा रस्ता म्हणजे किमान सात सभासद घेऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी, आणि त्याच्या जोडीनं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद. त्यानंतर दरवर्षी हिशोबतपासणी आणि कार्यकारिणी बदलली की फेरफार अर्ज, ही कटकट कायमची मागे लागते. पैसे घ्यायचेच नसतील, फक्त तांत्रिक संवाद हवा असेल, तर या भानगडीत न पडलेलं बरं. लेखी नियमावली, नावानिशी तीन पदाधिकारी आणि क्लबचा एक कायमचा ई-मेल पत्ता एवढ्यावर भागतं. पत्ता क्लबच्या नावाचा हवा. सेक्रेटरी बदलला की जुना पत्रव्यवहार त्याच्या खासगी मेलबॉक्समध्ये अडकून बसतो.

वही

आता मुख्य काम. कागदाची वही म्हणा, गूगल शीट म्हणा, पण ती एकाच माणसाच्या ताब्यात द्या. त्याला मी वहीवाला म्हणतो. क्लबमध्ये एखादा बँकेतला किंवा क्वालिटी विभागातला माणूस असतोच, त्याला पकडा. सगळ्यात वेगानं गाडी चालवणाऱ्याला हे काम देऊ नका.

प्रत्येक नोंदीत हे असावं: तारीख, सदस्याचा क्लबमधला क्रमांक, मॉडेल, गाडीच्या उत्पादनाचा महिना आणि वर्ष, किलोमीटर, काय झालं, कुठे आणि कसं झालं, सर्व्हिस सेंटरचं नाव, जॉब कार्ड (गाडी घेताना सर्व्हिस सेंटर तक्रार लिहून घेतं तो कागद) नंबर, काय बदललं, वॉरंटीत की स्वतःच्या पैशानं, आणि तीच तक्रार परत आली का. गाडीत बाहेरचं काही लावलं असेल, म्हणजे जादा लाइट, क्रॅश गार्ड, मोठे टायर, तर तेही प्रामाणिकपणे लिहा. फॉग लॅम्प लपवून बॅटरीची तक्रार नेलीत की पहिल्याच गाडीत पितळ उघडं पडतं आणि बाकीच्या खऱ्या तक्रारीही त्याबरोबर जातात.

उत्पादनाचा महिना का? कारण कंपनी दोषाचा विचार बॅचमध्ये करते. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डनं इग्निशन कॉइलच्या दोषासाठी मेटिऑर, क्लासिक आणि बुलेट मिळून २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या. रिकॉल ठरला तो डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या गाड्यांसाठी, आणि त्यातल्याही दहा टक्क्यांहून कमी गाड्यांचा पार्ट बदलावा लागेल असा कंपनीचाच अंदाज होता. एवढ्या बारीक चाळणीनं पाहणाऱ्या माणसासमोर "आमच्या बऱ्याच गाड्या मिसिंग करतात" (इंजिन मध्येच अडखळतं) हे वाक्य ठेवून काहीच होत नाही. महिना-वर्ष आरसीवर छापलेलं असतं. १७ अक्षर-अंकी चॅसिस नंबरातही ते सांकेतिक रूपात असतं.

एक उदाहरण जवळून बघू. सदस्य ग्रुपवर लिहितो: "फोर्क गळतोय यार, बकवास क्वालिटी." फोर्क म्हणजे पुढच्या चाकाचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर. वहीवाल्यानं त्याला फोन करून विचारायचं: डावा की उजवा? किती किलोमीटर झालेत? वरचा डस्ट सील फाटलाय का, का तो धड असून खालून तेल येतंय? फोर्कच्या नळीवर नख फिरवून बघ, ओरखडा लागतो का? गेल्या महिन्यात चिखलात कुठे गेला होतास? नळीवर ओरखडा असेल तर दगड लागलाय, दोष कंपनीचा नाही. नळी गुळगुळीत, डस्ट सील शाबूत आणि तरी कमी किलोमीटरला तेल येत असेल, तर ही नोंद सोन्याची. तिला दोन फोटो जोडायचे: एक गळतीचा आणि एक किलोमीटर दाखवणाऱ्या मीटरचा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की त्यातली तारीख-वेळेची माहिती गळून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

आणि ज्या गाड्यांना काहीच झालं नाही, त्यांचीही नोंद ठेवा. हे लोकांना पटवायला सगळ्यात जड जातं. सहा गाड्यांचे सील गळले हे कळलं, पण ते दहांतल्या सहाचे की नव्वदांतल्या सहाचे, हे वहीत नसेल तर त्या सहाला अर्थ राहत नाही. दर तीन महिन्यांनी प्रत्येक सदस्यानं फक्त किलोमीटर आणि 'तक्रार आहे / नाही' एवढं भरायचं, असा नियम करा. जास्त विचारलंत तर कुणी भरणार नाही.

जॉब कार्डकडे विशेष लक्ष द्या. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर घाईत असतो, तुमची तक्रार ऐकून 'जनरल चेकअप' लिहून मोकळा होतो. तसं झालं की कंपनीच्या दफ्तरी तुमची तक्रार जन्मालाच आली नाही. "तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ५० च्या वेगात झटके" असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि गाडी सोडताना कार्डाचा फोटो काढा. डीलरनं संबंध राखायला म्हणून पार्ट स्वतःच्या खिशातून बदलून दिला, तर आभार माना, पण वॉरंटी क्लेम टाकला का ते विचारा. क्लेम गेला नाही तर पुण्या-चेन्नईत बसलेल्या गुणवत्ता विभागाला तुमची गाडी ठणठणीत दिसते.

कोण कुठे बसतं

शोरूममध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर, त्याच्यावर वर्क्स मॅनेजर, आणि सगळ्यांवर मालक. हे कंपनीचे नोकर नव्हेत, डीलर हा स्वतंत्र व्यापारी आहे. कंपनीचा पहिला माणूस म्हणजे एरिया सर्व्हिस मॅनेजर, ठरावीक दिवशी शोरूमच्या फेरीवर येणारा. विक्रीच्या बाजूचा एरिया मॅनेजर वेगळा. त्यांच्यावर रीजनल ऑफिस, आणि मुख्यालयात ब्रँडची किंवा कम्युनिटीची टीम. पदांची नावं कंपनीगणिक बदलतात, उतरंड साधारण हीच.

कुणाच्या हातात काय आहे हे ओळखलं की अर्धी दमछाक वाचते. बॅनर, टी-शर्ट, कार्यक्रमाचा पैसा ब्रँडवाल्यांकडे. वॉरंटीत बसवायचं की नाही, हा निर्णय सर्व्हिसवाल्यांकडे. गाडी बनवणारे इंजिनिअर तुम्हाला सहसा भेटणार नाहीत, पण सर्व्हिसवाल्याचा अहवाल त्यांच्यापर्यंत जातो. म्हणून तक्रारींची वही ब्रँडच्या माणसाला दाखवू नका. तो गोड बोलेल आणि विसरून जाईल.

डीलरला डावलून थेट मुख्यालयाला लिहिणं म्हणजे तलाठ्याला वगळून मंत्रालयात जाणं. कागद फिरून त्याच्याच टेबलावर येतो, आणि तेव्हा त्याचा चेहरा वेगळा असतो.

पुणेकरांसाठी खास सूचना. आकुर्डीला बजाजचं मुख्यालय, चाकणला कारखाना, तिथेच केटीएम आणि ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्या बनतात. त्यामुळे सोसायटीत कुणी ना कुणी कंपनीतला निघतोच, आणि "काकांना सांगून करून घेऊ" हा मोह होतो. करू नका. काका अडचणीत येतात, आणि झालेल्या कामाचा कुठेही कागद राहत नाही.

पहिली भेट आणि पहिलं पत्र

डीलरकडे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, विक्रीचं टार्गेट त्याच्या डोक्यावर असतं. पाडवा, दसरा आणि धनत्रयोदशीच्या आधीचे पंधरा दिवसही सोडा. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार, दुपारी तीननंतर, सकाळच्या गाड्या रॅम्पवर गेल्यावर. जाताना तिघंच जा: अध्यक्ष, वहीवाला, आणि रोज ऑफिसला गाडी नेणारी एखादी सदस्य. सीटची उंची, गर्दीत इंजिनची पायाला लागणारी धग, साइड स्टँड या गोष्टी ती जितक्या नेमक्या सांगेल तितक्या लडाखवीर सांगणार नाहीत.

त्या भेटीत काही मागायचं नाही. क्लबची ओळख, वहीतली दोन पानं, आणि एवढंच विचारायचं: "एरिया सर्व्हिस मॅनेजर साहेब पुढच्या फेरीला येतील तेव्हा आम्हाला अर्धा तास मिळेल का?" सोबत डीलरच्या चांगल्या कामाच्या चार नोंदी असू द्या. एखाद्या मेकॅनिकचं नाव घेऊन कौतुक करा. वर्क्स मॅनेजर ते लक्षात ठेवतो.

भेटीआधी एक पत्र पाठवावं. पुढचा मसुदा नमुन्यादाखल आहे, आकडे तुमच्या वहीतले घाला:

"सर, आमच्या क्लबमध्ये आपल्या अमुक मॉडेलच्या ६४ गाड्या आहेत. सर्व सदस्य मूळ सायलेन्सर वापरतात. गेल्या वर्षभरात यांपैकी ९ गाड्यांमध्ये फ्रंट फोर्क ऑइल सीलची गळती आढळली. ९ पैकी ७ गाड्या एकाच तिमाहीत बनलेल्या आहेत. सोबत उत्पादनाचा महिना, किलोमीटर, जॉब कार्ड नंबर आणि फोटो जोडले आहेत. उरलेल्या ५५ गाड्यांमध्ये ही तक्रार नाही, त्यांचे किलोमीटरही दिले आहेत. आपल्या पुढील भेटीत यावर अर्धा तास चर्चा करता आल्यास आभारी राहू. गळती आढळलेल्यांपैकी दोन गाड्या तपासणीसाठी आणू शकतो."

यात 'निराशा', 'फसवणूक', 'सोशल मीडिया' हे शब्द नाहीत. धमकी पहिल्या पत्रात वापरली की दुसऱ्या पत्रात काही उरत नाही. पत्र इंग्रजीत पाठवायचं असलं तरी आधी मराठीत लिहा, नंतर भाषांतर करा. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की आपण उगीच वकिली थाटात घुसतो.

भेटीत एक माणूस बोलेल, एक लिहून घेईल. एरिया मॅनेजर "वर कळवतो" म्हणाला तर "केव्हापर्यंत विचारू?" एवढं विचारा आणि त्याच संध्याकाळी दोन परिच्छेदांचा मेल टाका: काय ठरलं, कोण काय करणार, कधी. उत्तर आलं नाही तरी तो मेल दफ्तरी राहतो. 'नाही' हे उत्तरही लिहून ठेवा. आणि त्या दिवशी ग्रुपवर "कंपनीला झापलं" अशी पोस्ट कुणी टाकणार नाही, हे आधी ठरवून घ्या. एरिया मॅनेजरही ग्रुप वाचणाऱ्या कुणाला तरी ओळखत असतो.

संबंध मुरायला लागले की

सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी पुढचं पाऊल म्हणजे डीलरच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस क्लिनिक. मे महिन्याच्या मध्यात, पावसाआधी, एखाद्या सकाळी दहा-बारा गाड्या घेऊन जायचं. चेनचा ढिलेपणा कसा मोजायचा, डिस्क पॅड किती उरलेत हे कसं पाहायचं, इलेक्ट्रिकल कपलरमध्ये (वायरींच्या जोडात) पाणी कुठून शिरतं, हे मेकॅनिकनं दाखवायचं. डीलरला त्यातून पॅड, चेन स्प्रे, टायर विकता येतात. तुम्हाला वर्षभर ओळखणारा मेकॅनिक मिळतो. ताम्हिणीत गाडी बंद पडल्यावर हेल्पलाइनआधी त्याचा फोन लागतो.

कारखाना भेट मागायची तर बरीच आधी मागा, यादी छोटी ठेवा, बंद बूट आणि ओळखपत्र सक्तीचं करा, फोटोंना बंदी असेल हे गृहीत धरा.

पैशाचं बोलणं मी मुद्दाम इतकं मागे ठेवलंय. कंपन्यांचं आर्थिक वर्ष बहुधा एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाचा खर्च आधीच्या हिवाळ्यात ठरायला लागतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या कार्यक्रमासाठी सप्टेंबरात मागणं व्यर्थ. नगद मागण्याऐवजी वस्तू आणि माणसं मागा: राइडमागे एक सर्व्हिस व्हॅन, दोन मेकॅनिक, प्रथमोपचार प्रशिक्षणाचा खर्च. हे मंजूर करणं अधिकाऱ्याला सोपं जातं. नगद घेतलंत तर उगम करकपात, जीएसटी हे सीएला आधी विचारून घ्या.

लेखी समजुतीशिवाय काही घेऊ नका. दोन पानांत पुढचं यावं. कंपनीचा लोगो तुम्ही कुठे आणि किती दिवस वापरू शकता. ब्रँडचं नाव नोंदणीकृत ट्रेडमार्क असतं, त्यामुळे क्लबच्या नावात ते ठेवायला लेखी परवानगी हवीच, आणि ती काढून घेतली तर नाव बदलायला किती मुदत. राइडचे फोटो जाहिरातीत वापरणार का, वापरले तर संबंधित सदस्याला विचारणार का. अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, विमा कुणी काढायचा. सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्यात गाडीचा मालक-चालक येतो, मागे बसलेली व्यक्ती येत नाही, हे इथे लोक विसरतात. आणि सदस्यांची यादी. फोन नंबरांची एक्सेल फाइल मागितली जाते, आणि पदाधिकारी ती खुशाल देऊन टाकतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा सोडा, साधी माणुसकी म्हणूनही प्रत्येकाची संमती घ्या. नाहीतर महिन्याभरात सगळ्यांना 'एक्स्चेंज ऑफर'चे फोन सुरू होतात आणि शिव्या तुम्हाला बसतात.

एक कलम मात्र माझ्या मते अडून बसावं असं आहे: क्लब आणि त्याचे सदस्य गाडीविषयी खरं मत मोकळेपणानं मांडू शकतील. बाजारात न आलेली गाडी चालवायला बोलावतात तेव्हा गोपनीयतेच्या कागदावर सही घेतात, त्यात गैर काही नाही. गाडी जाहीर होईपर्यंत गप्प बसावं. पण 'क्लब ब्रँडविषयी प्रतिकूल विधान करणार नाही' अशी ओळ बेमुदत असेल तर ती खोडायला सांगा. खोडत नसतील तर व्हॅन आणि मेकॅनिकशिवाय राइड करा. ज्या दिवशी ती ओळ मान्य केलीत त्या दिवसापासून वहीची किंमत शून्य.

बिनसलं तर

सगळं नीट करूनही दाद लागत नाही, असं होतं. तेव्हा पायरीपायरीनं वर जा: रीजनल ऑफिस, मग कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सारखीच तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांसाठी आयोगाच्या परवानगीनं एकच अर्ज करता येतो. तिथे वहीतले जॉब कार्ड नंबर कामाला येतात.

दोष सुरक्षेचा असेल, म्हणजे ब्रेक, फ्रेम, चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडणं, तर वेगळा रस्ता आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०अ आलं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी मालक सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतात, आणि ठरावीक प्रमाणात तक्रारी जमल्या की सरकार चौकशी करून कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं. इथे क्लबचं पत्र चालत नाही, प्रत्येक मालकानं स्वतःच्या गाडीची तक्रार टाकावी लागते. वहीवाल्यानं सगळ्यांना एका रविवारी एकत्र बसवून ती भरून घ्यावी. या टप्प्यावर एरिया मॅनेजरला आधी फोन करून सांगा की आम्ही हे करतोय. तो कंपनीच्या बाजूनं असला तरी त्याला बातमी दुसरीकडून कळू नये.

कंपनीच नसेल तर

आरडी ३५०, आरएक्स १००, जुनी येझदी यांच्या क्लबांना वरचं बरंचसं लागू नाही. कंपनी असली तरी त्या मॉडेलचे पार्ट ती बनवत नाही. इथे संबंध जोडायचे ते लेथवाल्याशी, रबर मोल्डिंगवाल्याशी, पिस्टन बनवणाऱ्या छोट्या कारखान्याशी. ब्रिटनमधला व्हिन्सेंट ओनर्स क्लब १९४८ चा. कारखान्यानं १९५५ मध्ये मोटारसायकली थांबवल्या, आणि १९७५ मध्ये क्लबच्या सभासदांनी पार्ट बनवून विकणारी स्वतंत्र कंपनीच काढली. आपल्याकडे एवढी मजल लगेच जाणार नाही, पण चाळीस जणांनी मिळून एकाच मापाच्या पार्टची एकगठ्ठा ऑर्डर दिली, मापं घेऊन ड्रॉइंग करून ठेवलं आणि आगाऊ पैसे जमा केले, तर भोसरी किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत काम घेणारा मिळतो. ड्रॉइंग क्लबच्या मालकीचं राहील, हे आधी लिहून घ्या.

बदली

चालू कंपन्यांशी जोडलेल्या नात्याला खरा धोका भांडणापेक्षा बदलीचा. एरिया मॅनेजर दोन-तीन वर्षांत नागपूरला किंवा इंदूरला जातो, आणि त्याच्याबरोबर सगळी तोंडी आश्वासनं जातात. बदलीची कुणकुण लागली की त्याच्याकडून एक ओळीचा मेल मागून घ्या, नव्या माणसाला क्लबची ओळख करून देणारा, आणि चालू तक्रारींची यादी त्याला जोडा. नवा माणूस आला की पहिल्या महिन्यात भेट, तीच तीन माणसं, काही न मागता. सोबत त्या वर्षाची वही आणि आधीच्या मॅनेजरच्या काळात निकाली निघालेल्या तक्रारींचं एक पान. ते पान बघून तो आपल्याच सर्व्हिस विभागाचा इतिहास पहिल्यांदा वाचत असण्याची शक्यता बरीच असते.